न्यायसहायक विज्ञान आणि वाक्याची जबाबदारी

'फॉरेन्सिक सायन्स' या संज्ञेसाठी महाराष्ट्रात 'न्यायसहायक विज्ञान' हा प्रतिशब्द रूढ करण्यात आला आहे. शासकीय परिभाषेची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असेही नाही. हा शब्द मात्र विचारपूर्वक घडवलेला दिसतो. त्यात विज्ञानाला न्यायाच्या आसनावर बसवलेले नाही; साहाय्यकाची जागा दिली आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहासही साहित्याच्या अभ्यासकांना जवळचा वाटावा असा आहे. 'फॉरेन्सिक' हे विशेषण लॅटिन 'फोरम'वरून आले. फोरम म्हणजे रोमन नगरातला सार्वजनिक चौक. तिथे बाजार भरे, सभा होत आणि खटलेही चालत. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचे जे तीन प्रकार मानले, त्यांतल्या न्यायसभेतील वक्तृत्वाला इंग्रजीत आजही हेच विशेषण लावतात. म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि रसायने यांच्याशी जोडला जाण्याच्या कितीतरी आधी हा शब्द युक्तिवादाचा, म्हणजेच भाषेचा होता.

महाविद्यालयांत हा विषय शिकवताना त्यातला भाषेचा हा भाग गळून पडला आहे, असे माझे मत आहे. आणि त्याची किंमत प्रयोगशाळेला मोजावी लागत नाही. ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आणि न्यायाची वाट पाहणाऱ्या पीडिताच्या कुटुंबाला मोजावी लागते.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याला कारण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १७६ च्या पोटकलम ३ प्रमाणे, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे ठरले. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली. यासाठी लागणारे मनुष्यबळ कुठून येणार? अर्थातच महाविद्यालयांतून. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात या विषयाचे अध्यापन १९५९ पासून होत आले आहे. गुजरातमध्ये २००८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात रूपांतर झाले. महाराष्ट्रातही २००९ पासून शासकीय संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे अनेक खाजगी महाविद्यालयांनी पदवी अभ्यासक्रम सुरू केले. विद्यार्थी उत्साहाने प्रवेश घेत आहेत. त्यांना रक्तगट ओळखता येतील, बोटांचे ठसे उचलता येतील, डीएनएचा आलेखही वाचता येईल. जे पाहिले ते आणि तेवढेच लिहिता येईल का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

या शास्त्राचे आणि वाचनाच्या परंपरेचे नाते नवे नाही. ऑस्ट्रियातील तपास-दंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ साली गुन्हेतपासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. साक्षीदाराच्या स्मृतीपेक्षा वस्तूंच्या साक्षीवर अधिक विसंबावे, हा त्यांचा आग्रह होता. या ग्रंथाची हिंदुस्थानातील परिस्थितीला अनुसरून केलेली इंग्रजी आवृत्ती १९०६ साली प्रसिद्ध झाली ती मद्रासमधून, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नसते. ग्रोस लिहीत होते त्याच सुमारास, १८८७ पासून, शेरलॉक होम्स वाचकांना भेटू लागला होता. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात या काळाचे एक सूत्र दाखवून दिले. चित्रातल्या कानाच्या पाळीवरून आणि नखांवरून चित्रकार ओळखणारा कलासमीक्षक मोरेली, क्षुल्लक चुकांवरून मनाचा थांग लावणारा फ्रॉइड आणि राखेवरून गुन्हेगारापर्यंत पोहोचणारा होम्स हे तिघेही एकाच ज्ञानपद्धतीचे प्रतिनिधी आहेत, असे त्यांचे म्हणणे. दुर्लक्षित तपशिलाला खूण मानून मागे जाणे, ही ती पद्धत. आपणही कविता वाचताना हेच करतो. एखादे क्रियापद, एखादा अनपेक्षित विराम आपल्याला अडवतो आणि तिथून आपण आत शिरतो.

पण या नात्याचा अभिमान बाळगण्याआधी त्यातला धोकाही पाहिला पाहिजे. कथेतल्या खुणांना लेखक असतो. रहस्यकथेच्या खोलीत अर्धवट जळालेली काडी पडलेली असेल, तर ती कुणीतरी तिथे ठेवली आहे आणि शेवटच्या प्रकरणात तिचा हिशेब लागणार आहे, याची वाचकाला खात्री असते. खऱ्या खोलीला लेखक नसतो. तिथली काडी आठवड्यापूर्वीच्या पाहुण्याची असू शकते. डाग पानाच्या पिंकेचा असू शकतो. ठसा पंचनाम्याला आलेल्या शिपायाचाही असू शकतो. घटनास्थळावरील बहुतेक खुणा निरर्थक असतात आणि कोणत्या खुणेला अर्थ आहे हे खोली सांगत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो कादंबऱ्यांवर एक पिढी वाढली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी' मालिकेतल्या डॉ. साळुंख्यांच्या प्रयोगशाळेवर पुढची वाढली. या रंजनाला माझा आक्षेप नाही. परंतु त्या प्रयोगशाळेत 'निष्कर्ष काढता येत नाही' असे उत्तर सहसा मिळत नसे; आणि ही मालिका पाहून या विषयाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्गात शिकवायला हवे ते नेमके हेच उत्तर.

ते कसे शिकवावे याचे एक जुने उदाहरण आहे. फ्रान्सिस ग्लेसनर ली या अमेरिकन बाईंनी हार्वर्डमधील न्यायवैद्यकाच्या विभागाला १९३१ साली अर्थसाहाय्य केले आणि चाळिसाव्या दशकात तेथील पोलीस-प्रशिक्षणासाठी मृत्यूच्या प्रसंगांच्या लहानलहान प्रतिकृती तयार केल्या. एका फुटाला एक इंच या प्रमाणात, बाहुलीघरासारख्या. आत पलंग, भांडी, कॅलेंडर, किल्लीने उघडणारी दारे आणि एक मृतदेह. सोबत साक्षीदारांचे जबाब, आणि ते खरे असतीलच असे नाही हा इशारा. ठरावीक वेळ न्याहाळायचे आणि वर्गासमोर निवेदन करायचे. खुनी शोधून काढणे हा त्यांचा हेतू नव्हता. निरीक्षण, अर्थ लावणे आणि निवेदन यांचा तो सराव होता. यांतल्या अठरा प्रतिकृती बॉल्टिमोर येथे जतन केलेल्या आहेत. ली यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नव्हते. पण पाहणे आणि सांगणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत व दोन्ही शिकवावी लागतात, हे त्यांना उमगले होते.

आपल्याकडे 'सांगणे' म्हणजे पंचनामा. मराठी गद्याच्या इतिहासात या लेखनप्रकाराला कुठेही जागा नाही. पण कोणत्याही कादंबरीपेक्षा त्याने अधिक माणसांच्या आयुष्यांचा निकाल लावला आहे. त्याची शैली सर्वांच्या परिचयाची आहे. 'सदर', 'इसम', 'मयत', 'येणेप्रमाणे'. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा. आणि शेवटी पंचांनी वाचून पाहिला, बरोबर आहे, अशी ग्वाही. आपण तिला हसतो. परंतु ही शैली काळजीपूर्वक वाचली तर तिच्यात विलक्षण शहाणपण आणि तितकीच विलक्षण पळवाट शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

शहाणपण असे की जाणता हवालदार 'रक्ताचे डाग' असे लिहीत नाही; 'रक्तासारखे दिसणारे लालसर डाग' असे लिहितो. डाग रक्ताचा आहे की नाही हे ठरवणे त्याचे काम नव्हे, प्रयोगशाळेचे आहे. ते रक्त माणसाचे आहे का हा पुढचा प्रश्न, आणि कोणत्या माणसाचे हा त्याच्या पुढचा. 'सारखे दिसणारे' या दोन शब्दांत निरीक्षण आणि अनुमान यांच्यामधली सीमारेषा पाळलेली आहे.

पळवाट 'मिळून आला' या क्रियापदात आहे. 'आरोपीच्या घरझडतीत एक कोयता मिळून आला.' कुणाला मिळाला? कुणी शोधला? खोलीत आधी कोण शिरले? पेटीचे झाकण कुणी उघडले? मराठीच्या व्याकरणाने या सर्व प्रश्नांपासून लेखकाची सुटका केलेली आहे. कोयता जणू स्वतःहून प्रकट झाला. तीच गोष्ट 'स्वखुशीने' या क्रियाविशेषणाची. पोलीस कोठडीतला आरोपी पंचांसमक्ष 'स्वखुशीने' निवेदन करतो, असे निवेदन-पंचनाम्यात लिहिलेले असते, आणि तो शब्द इतका ठरावीक झाला आहे की त्याने काहीच सांगितले जात नाही. शैलीविज्ञान शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला या दोन शब्दांवर एक तासिका सहज घेता येईल. प्रश्न एवढाच की ती ज्याला ऐकण्याची गरज आहे तो विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत बसलेला असतो.

कायद्याला हे वाचन अपरिचित नाही. पोलीस कोठडीत आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा किती भाग पुरावा म्हणून घ्यायचा, यावर प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात १९४६ साली निर्णय दिला. तो आजही प्रमाण मानला जातो. चाकू घराच्या छपरात लपवला आहे, एवढे विधान चालेल. कारण त्यातून एका वस्तुस्थितीचा शोध लागतो. पण त्याच विधानाला 'ज्याने मी अमक्याला भोसकले' अशी पुस्ती जोडली, तर ती ग्राह्य नाही. कारण चाकू सापडल्याने लपवण्याची जागा ठाऊक असल्याचे कळते, भोसकल्याचे कळत नाही. एका मिश्र वाक्यातले गौण वाक्य न्यायालयाने कापून बाजूला ठेवले. माणूस आणि फाशी यांच्यामध्ये कधी कधी एवढेच अंतर असते.

पंचनाम्यानंतर येते ती चिठ्ठी. वस्तू पाकिटात जाते, लाखेचे सील लागते, वर लेबल चिकटते आणि मुद्देमाल मालखान्यातून प्रयोगशाळेकडे निघतो. ही सगळी कारकुनी वाटते. नोएडा येथील २००८ च्या दुहेरी हत्याकांडात या कारकुनीचे मोल देशाने पाहिले. पहिल्या दिवशी घरात सांत्वनाला आलेले लोक आणि वार्ताहर वावरत होते. गच्चीवरचा दुसरा मृतदेह सापडला तो दुसऱ्या दिवशी. पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात, मारल्या गेलेल्या घरनोकराचे रक्त ज्या उशीच्या अभ्र्यावर आढळले, तो अभ्रा दुसऱ्याच एका माणसाच्या खोलीतला असल्याची नोंद होती. २०११ मध्ये प्रयोगशाळेने कळवले की ही टंकलेखनाची चूक असून दोन अभ्र्यांच्या वर्णनांची अदलाबदल झाली आहे. अभ्रा याचा की त्याचा, यावर संपूर्ण खटल्याची दिशा अवलंबून होती. खालच्या न्यायालयाने २०१३ मध्ये मुलीच्या आईवडिलांना दोषी ठरवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना मुक्त केले. तो गुन्हा कुणी केला हे आजही सिद्ध झालेले नाही. डीएनएचे तंत्र तिथे उपलब्ध होते; अभ्र्यावरची चिठ्ठी निर्विवाद नव्हती.

शंका घ्यायला शिकवले तर गुन्हेगार सुटतील, असा आक्षेप इथे घेतला जाईल. मला वस्तुस्थिती उलट दिसते. दिल्लीतील २०१२ च्या एका अपहरण, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघांनाही सोडून दिले. नमुने प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी काही दिवस मालखान्यात पडून होते, आणि डीएनए अहवालाचा आधार काय, तंत्र विश्वासार्ह रीतीने वापरले होते का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते, ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. आरोपी दोषी असतील, तर हलगर्जीपणाने ते सुटले. निर्दोष असतील, तर हलगर्जीपणाने ते दशकभर तुरुंगात राहिले. मुलीच्या आईवडिलांच्या हाती दोन्ही परिस्थितींत काहीच लागले नाही. जी शंका घटनास्थळी आणि प्रयोगशाळेत घेतली जात नाही, ती दहा वर्षांनी वरच्या न्यायालयात घेतली जाते. तोवर पुरावा पुन्हा गोळा करण्याची वेळ टळलेली असते.

आता अहवालाकडे वळू. आपल्याकडे पोलिसांच्या बोलण्यात तो अजूनही 'सीए रिपोर्ट' असतो, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा. कायद्याने अशा शासकीय तज्ज्ञांच्या लेखी अहवालाला विशेष स्थान दिले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे आणि आता नव्या संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही तो अहवाल पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते, पण बोलावलेच पाहिजे असे नाही. म्हणजे अनेकदा लेखक गैरहजर आणि संहिता हजर, अशी स्थिती असते. साहित्यात ही स्थिती आपल्या सवयीची आहे. तिथे ती अर्थाच्या समृद्धीला कारण होते. खटल्यात संहितेतली संदिग्धता गरिबाला महाग पडते, कारण उलटतपासासाठी तज्ज्ञाला बोलावण्याचा आग्रह धरणारा वकील त्याला परवडत नाही.

या संहितेत सर्वांत धोक्याचे क्रियापद आहे 'जुळणे'. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांना हा धोका लवकर समजेल. उपमेत दोन गोष्टींचे साम्य सांगितलेले असते आणि 'सारखे' या शब्दाने त्यांतला भेदही राखलेला असतो. रूपकात तो भेद पुसला जातो. मुख चंद्रासारखे राहत नाही, चंद्रच होते. प्रयोगशाळेतला निष्कर्ष बहुधा उपमेच्या पातळीवर असतो. घटनास्थळावरील केस आरोपीच्या केसासारखा आहे. या मातीचे घटक त्या मातीशी विसंगत नाहीत. इंग्रजी अहवालातले 'कन्सिस्टंट विथ' हे सावध शब्द मराठीत येताना 'जुळतो' होतात, वकिलाच्या युक्तिवादात 'आरोपीचाच आहे' होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा होतात. उपमेचे रूपक झालेले असते आणि ते नेमके कोणत्या टप्प्यावर झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

ही केवळ आपल्या भाषांतराची अडचण नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या केसतज्ज्ञांच्या जुन्या साक्षींचे पुनरावलोकन केले आणि २०१५ मध्ये मान्य केले की तपासलेल्या साक्षींपैकी ९० टक्क्यांहून अधिक साक्षींत चुकीची विधाने होती. या चुका सूक्ष्मदर्शकाच्या नव्हत्या. शास्त्र जेवढे सांगू शकते त्याच्या पलीकडे साक्षीदाराचे वाक्य गेले होते, ही ती चूक होती. यांतल्या काही खटल्यांत फाशीची शिक्षा झालेली होती.

आकडे दिले की भाषेचा प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब. घटनास्थळावरील नमुन्याशी एखाद्या अनोळखी, निर्दोष माणसाचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे, असे समजू. वस्ती एक कोटीची असेल तर त्या शहरात असे सुमारे दहा जण निघतील. तेव्हा केवळ या एका पुराव्यावर 'आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक' असे म्हणणे साफ चूक आहे. 'निर्दोष माणसाचा नमुना जुळण्याची शक्यता' आणि 'नमुना जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता' ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. शब्द जवळजवळ तेच, अन्वय उलटा. अभियोक्त्याचा तर्कदोष म्हणून हा दोष १९८७ पासून ओळखला जातो, आणि तरीही तो होत राहतो. कारण घाईने ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही वाक्ये सारखीच लागतात.

वाचनाचा आणखी एक रोग आपल्या ओळखीचा आहे. माद्रिदमधील मार्च २००४ च्या रेल्वे बाँबस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा आहे, असे एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठरवले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. वकील दोन आठवडे कोठडीत होता. मग स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. पुढच्या चौकशीत जे आढळले ते समीक्षकांनी मनाशी नोंदवून ठेवावे असे आहे. वकिलाचा स्पष्ट ठसा एकदा पाहिल्यावर तज्ज्ञांना त्यातली वैशिष्ट्ये मूळच्या पुसट ठशात 'दिसू' लागली होती. सिद्धान्त आधी हाती घेऊन कवितेत तो शोधणारा समीक्षक हेच करतो, आणि त्यालाही तो दर वेळी सापडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी 'जुळतात' म्हणून ठरवलेले ठसे पुन्हा देण्यात आले. हे त्या गाजलेल्या चुकीच्या प्रकरणातले ठसे आहेत, असे मात्र सांगण्यात आले. पाचपैकी चौघांनी आपला निष्कर्ष बदलला. ठसे तेच होते. आधी सांगितलेली गोष्ट वेगळी होती.

या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत इतिहासाचे एक प्रकरण असते आणि त्यात भारताचा अभिमानाने उल्लेख होतो. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी वर्गीकरणाची पद्धत घडवली, आणि जगाने ती त्यांच्या इंग्रज वरिष्ठाच्या, हेन्रीच्या, नावाने ओळखली. हा अन्याय सांगितलाच पाहिजे. पण त्याच्या शेजारी दुसरेही वाक्य हवे. ज्या राजवटीने ही पद्धत उभी केली तिनेच १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. संशयाची सवय गेली नाही. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निर्दोष ठरवून सोडले आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. कुणाच्या घरी कोयता 'मिळून येतो' आणि कुणाच्या घरी येत नाही, हा प्रश्न न्यायसहायक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडला पाहिजे. तो रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून पडणार नाही.

त्याच इतिहासात एक आदर्शही आहे. जलपायगुडीच्या एका चहामळ्यातील व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला १८९८ मध्ये चालला. घटनास्थळी सापडलेल्या छापील बंगाली पंचांगावरील पुसट तपकिरी ठसा एका जुन्या नोकराच्या नोंदवलेल्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरले, खुनासाठी नाही. ठशाने एवढेच सांगितले होते की या माणसाचा हात त्या पंचांगाला लागला. सुरा त्याच्याच हातात होता, हे ठशाने सांगितले नव्हते. बोटांच्या ठशांवर आधारलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या या खटल्यात खूण आणि गोष्ट यांच्यात फरक करण्यात आला, याचे महत्त्व ठशाच्या शोधाइतकेच मोठे आहे.

मग करायचे काय? केवळ 'संवादकौशल्ये' नावाची आणखी एक विषयपत्रिका वाढवून हे साधणार नाही. मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, पाहण्याचा आणि लिहिण्याचा सराव. एका खोलीचे वर्णन एका गटाने करावे. अनुमान सुचवणारा एकही शब्द न वापरता. दुसऱ्या गटाने खोली न पाहता, त्या वर्णनावरून आराखडा काढावा. आराखडा आणि खोली यांतला फरक हेच त्या दिवशीचे गुण. दुसरी, गोष्ट लपवण्याचा सराव. अर्ध्या वर्गाला प्रसंगाची पार्श्वभूमी सांगावी, अर्ध्याला सांगू नये, आणि दोघांची निरीक्षणे फळ्यावर शेजारीशेजारी मांडावीत. आपल्याला काय 'दिसले' त्यात ऐकलेले किती होते, हे ज्याने एकदा पाहिले तो पुढे सावध राहील. तिसरी, भाषांतराचा सराव. इंग्रजी अहवालातील एक निष्कर्ष मराठीत आणावा आणि 'तेच आहे', 'सारखे आहे', 'विसंगत नाही', 'सांगता येत नाही' या पायऱ्या शाबूत राहिल्या का ते तपासावे. महाराष्ट्रातले घटनास्थळ पहिल्यांदा लिहिले जाते ते मराठीत, आणि खालच्या न्यायालयांत वाचलेही जाते मराठीत. तरीही या शास्त्राचे शिक्षण जणू मराठी अस्तित्वातच नाही अशा रीतीने चालते.

आता चित्रीकरणच होणार आहे, मग वर्णनाचा हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. कॅमेरा कुठे धरायचा हे माणूसच ठरवतो. चौकटीबाहेर काय राहिले ते चौकट सांगत नाही. खोलीतला वास, पाण्याचा कोमटपणा, रक्ताचा चिकटपणा कॅमेऱ्याला कळत नाही. आणि चित्रफीत न्यायालयात दाखवली तरी ती काय दाखवते हे शेवटी कुणाला तरी वाक्यातच सांगावे लागते.

यात मराठी विभागांची जबाबदारी आहे, असे मी म्हणतो तेव्हा आपल्या विषयाची उपयुक्तता सिद्ध करण्याची केविलवाणी धडपड मला अभिप्रेत नाही. व्यावहारिक मराठीच्या नावाखाली आपण जाहिरात, वृत्त, इतिवृत्त शिकवतो. पंचनामा गंभीरपणे वाचल्याचे मला कुठे आढळलेले नाही. ही उणीव आपली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला गोष्टीची मोहिनी ठाऊक असते. सुसंगत कथानक खरेपणाचा आभास निर्माण करते, निवेदक विश्वासार्ह नसू शकतो, एका संहितेचे एकाहून अधिक अर्थ संभवतात, हे तो शिकलेला असतो. तपास करणाऱ्याला याच ज्ञानाची सर्वाधिक गरज आहे, आणि नेमके तेच त्याला कुणी शिकवत नाही. त्याच्याकडून आपल्यालाही घेण्यासारखे आहे. अर्थाच्या अनेकतेवर आपण निश्चिंतपणे बोलतो, कारण आपल्या चुकीच्या वाचनाने कुणी तुरुंगात जात नाही. ज्याच्या वाचनाने जाऊ शकते, त्याच्या शेजारी वर्षभर बसलो तर आपल्या समीक्षेतही 'दिसते' आणि 'असे मला वाटते' यांतला फरक पाळण्याची शिस्त येईल.

सहायकाचे काम अवघड असते. न्यायाधीशाला हवा तो निश्चय देण्याचा मोह टाळून, जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्याच्यासमोर ठेवायचे असते. 'न्यायसहायक' या शब्दाने ही मर्यादा सांगून ठेवली आहे. ती पाळायला शिकवणे हे अभ्यासक्रमाचे काम आहे, आणि त्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाइतकीच भाषेच्या प्राध्यापकाचीही गरज आहे.